बेलभंडारा मी मोडला

मी, विश्वंभर संतराम गावंडे, वय ७१ वर्षे, धंदा शेती (पूर्वी पुढारीपण), राहणार डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला हल्ली घरी कोणी येतही नाही.

१. राहते घर माझी पत्नी शकुबाई हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. पुढच्या बैठकीत वीस वर्षे सकाळपासून लोकांच्या चपलांचा ढीग पडायचा. तिथे तिने खुशाल हळदीची पोती रचावीत. मला आता त्या खोलीत बसवत नाही.

२. ओलिताची सात एकर जमीन शकुबाईच्या हयातीत तिची, तिच्यानंतर मुलगी प्रियंका हिची. जावयाने त्यात नाक खुपसू नये.

३. जीपवरचा भोंगा आणि माईक गावच्या शाळेला झेंडावंदनासाठी द्यावा. माझ्या चौदा पांढऱ्या कुडत्यांच्या गोधड्या शिवाव्यात. कापड चांगले आहे.

४. पुतण्या व्यंकटराव याला काहीही देऊ नये. नव्या पक्षाशी बोलणी त्यानेच जुळवली. "काका, लोकं तुमच्या मागं हायत, निशाणीच्या मागं न्हाईत," असे तो म्हणाला आणि मला ते गोड लागले. त्याचा एकट्याचा दोष नाही हे मला कळते. तरी देऊ नये.

५. आता ज्यासाठी हा कागद करायला घेतला ते लिहितो. पक्ष फुटत होता तेव्हा माझी माणसे कोणी पळवू नयेत म्हणून मी सगळ्यांना खंडोबाच्या देवळात नेले आणि बेलभंडारा उचलायला लावला. शपथ मीच सांगितली: जीव गेला तरी ही निशाणी सोडणार नाही. "विश्वंभररावांना सोडणार नाही" असे म्हणवून घ्यायची लाज वाटली, म्हणून निशाणीचे नाव घातले. तेवढीच एक लाज त्या दिवशी होती. लोकांसमोर उदाहरण म्हणून सर्वांत आधी शकुबाईच्या हातात भंडारा दिला, शेवटी मी घेतला. माझा जुना कार्यकर्ता भिवाजी खिल्लारे तेवढा बाजूला उभा होता. "आमी बेलभंडारा मानत न्हाई, साहेब. पण शब्द देतो," म्हणाला.

वर्षाच्या आत मी निशाणी सोडली. माझ्या शिक्षणसंस्थेची चौकशी लागली होती, ती थांबवायची होती. मग नव्या निशाणीवर निवडणुकीला उभा राहिलो. गावच्या मतदान केंद्रावर मला अकरा मते पडली. रागाने घरी आलो आणि शकुबाईला विचारले, तुझे तरी मत पडले ना? ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी खंडोबासमोर बेलभंडारा उचलला हाय. तुमीच उचलायला लावला व्हता. काहून मोडू?"

लोक मला सोडून गेले असे मी वर्षभर सांगत फिरलो. ते खोटे आहे. मी बसवले तिथेच ते बसून राहिले, उठून गेलो तो मी.

६. कच्च्या मसुद्यात सडकेकडची दोन एकर भिवाजी प्रेमदास खिल्लारे याला लिहिली होती. ते कलम रद्द केले आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ते माझ्या जुन्या माणसांतले असावेत अशी माझी फार इच्छा होती. एकेकाळी माझ्या एका फोनवर चाळीस मोटारसायकली निघायच्या. या खेपेला मी स्वतः पाच घरी गेलो. एकाचा चष्मा सापडेना, एकाला पाहुणे आले होते, बाकीच्यांनी चहा पाजून वाटेला लावले. भिवाजीने चहाही विचारला नाही. कागद मात्र अंगणात उभ्या उभ्या पूर्ण वाचला.

"जमीन काढा यातली," म्हणाला. "आन् रस्ता रोकोचं कुठं हाय? ते काहून लिहिलं न्हाई? आधी लिहा, मंग सहीचं बघू."

म्हणून लिहितो. चौकशी लागली तेव्हा "साहेबांवर अन्याय" म्हणून दोनशे माणसे हमरस्त्यावर बसली. बसा असे मीच फोनवर सांगितले होते. "मी निघालोच आहे," असेही म्हणालो होतो. मी निघालो नव्हतो. मी नव्या पक्षाच्या स्टेजमागे खुर्चीवर बसलो होतो. रस्त्यावर माणसे जितकी जास्त, तितका तिथे माझा भाव वाढत होता. इकडे लाठीमार झाला. भिवाजीच्या उजव्या हाताचे हाड मोडले. मोबाईलवर मला ते दिसले, आणि दिसल्यानंतर मी गळ्यात नवे उपरणे घालून घेतले, हसलो, फोटो काढला. दवाखान्यात भिवाजीला भेटायला गेलो नाही. हे मी आजवर शकुबाईलाही सांगितले नव्हते. मला माझी लाज वाटते, आणि ती मेल्यावर जाईल असेही वाटत नाही.

७. माझ्या देहावर कोणत्याही पक्षाचा झेंडा टाकू नये. फलक लावू नयेत, शोकसभा घेऊ नये. खांदा द्यायला कोणाला निरोप धाडू नये. माणसे कमी पडली तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून न्यावे.

८. तेराव्या दिवशी कलम ५ आणि ६ गावच्या चावडीवर मोठ्याने वाचावे. प्रियंकाने वाचावे. तिने एकही शब्द गाळू नये.

माझे पूर्वीचे सर्व कागद याने रद्द झाले. वर लिहिले ते माझ्या सांगण्यावरून लिहिले गेले, मी ते दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्या देखत सही केली.

ठिकाण: कळमनुरी
दिनांक: ९ डिसेंबर २०२५

(सही) विश्वंभर संतराम गावंडे

साक्षीदार १: (सही) रामसिंग चव्हाण, वकिलांचे कारकून, कळमनुरी. लिहून देणाऱ्याशी ओळख: आजची.

साक्षीदार २: (सही) भिवाजी प्रेमदास खिल्लारे, डोंगरकडा. ओळख: सव्वीस वर्षे. वरचा मजकूर खरा आहे, एवढीच माझी साक्ष. मी माफ केले असे कोणी समजू नये.