न विचारता छापलेलं नाव

शिवाजी पेठ, कोल्हापूर
४ ऑगस्ट २०२४

ती. आक्कास,

शि. सा. न. वि. वि. माणसानं माणसापुढं वाकू नये असं मी तीस वर्षं सांगत आलोय, तरी तुझ्यापुढं वाकतो. आमच्या शनिवारच्या बैठकीत हे कळवू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र.

मिरच्या पोचल्या. तिखटपणात तुझ्याच वळणावर गेल्यात.

आमची क्रांती फौजदाराच्या परीक्षेत पास झाली. तुला तिनं सांगितलंच असेल. मला दुकानात वह्या बांधून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाकडून कळलं. राज्य नको, हुकूम नको, माणसं आपखुशीनं एकत्र राहतील, हा अराज्यवाद मी पेठेला शिकवला आणि पोटची पोर खाकी घालणार. बैठकीत माझी चांगलीच चेष्टा झाली.

परवा तिच्या चारित्र्य पडताळणीला ज्ञानू हवालदार आले. मुलगी इथलीच का, तिच्यावर काही केस आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी उत्तरं दिली आणि कपाटातून आमची ‘हुकूम कुणाचा?’ ही पुस्तिका काढून त्यांच्या हातात ठेवली. पोलीस खातं कसं बंद करता येईल यावर तिच्यात आख्खं प्रकरण आहे आणि प्रकाशक म्हणून क्रांतीचं नाव. लपवायचं कशाला? तत्त्व म्हणजे तत्त्व.

तेव्हापासून जेवण जात नाही. पित्त झालं असावं.

लोभ आहे तेवढा ठेव, जास्त मागत नाही.

तुझा,
हंबीरराव

*

पेठ वडगाव
१२ ऑगस्ट

चि. हंबीररावास अ. उ. आ.

पित्त नाही ते, लाज आहे. सोडा पिऊन जायची नाही.

हवालदारानं पुस्तिका मागितली होती का? नव्हती. तू स्वतः उठलास, कपाट उघडलंस आणि दिलीस. तत्त्वासाठी नाही, पोरीची वाट अडवायला. मला शिकवू नकोस, तुला चड्डीत असल्यापासून ओळखते.

दुसरं सांग. तिचं नाव छापलंस तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. विचारलं होतंस? तुमच्या बैठकीला अध्यक्ष नाही, मतदान नाही, एकानं नको म्हटलं तर विषय पुढच्या शनिवारी. बैठकीतल्या एकट्या बादशहाभाईंचा नकार म्हणून तुम्ही दोन उन्हाळे पंख्याशिवाय काढलेत. आणि घरातल्या पोरीला एकदाही विचारलं नाहीस?

ती रविवारी येऊन गेली. सगळ्यांचे नेमणुकीचे आदेश निघाले, हिचा अडकलाय. का ते तिला कळेना. मला कळलं, पण मी बोलले नाही. ते तुझ्या तोंडून तिला कळायला हवं. आई नाही तिला, आणि बापानं हे केलं. लिही आजच.

जेवत जा. राग असला तरी आशीर्वाद आहेतच.

आक्का

*

पुणे
२३ ऑगस्ट

ती. आबांस,

सा. न. वि. वि. पुस्तिका हवालदारांना तुम्हीच दिलीत हे सांगणारं तुमचं पत्र तीनदा वाचलं. फोन करत नाही, कारण मला रडू येईल आणि तुम्ही समजूत घालायला लागाल.

पेठेत पत्रक वाटून जाहीर माफी मागतो असं तुम्ही लिहिलंय. नको. माझ्या नावानं आता काही छापू नका, माफीसुद्धा.

मला पोलीस का व्हायचंय हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आता सांगते. शेजारच्या कुलसुमचाचीला तिच्या दिरानं घराबाहेर काढलं होतं, तेव्हा तुमच्या बैठकीनं तीन शनिवार चर्चा केली. शेवटी चौकीतल्या एका पोलीस बाईंनी तासाभरात दार उघडून दिलं. मी तेव्हा चाचीशेजारी पायरीवर बसले होते. एवढंच कारण.

कार्यालयात मला सांगितलं की वडिलांशी आणि त्यांच्या विचारांशी संबंध नाही असं लिहून दे. ते मी देणार नाही. पुस्तिकेतली निम्मी पानं मला आजही पटतात. दुसरी वाट त्यांनी सांगितली ती अशी, की छापणाऱ्यानं चौकीत जबाब द्यावा की नाव न विचारता घातलं. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. जा असं मी म्हणत नाही. तुम्हाला हुकूम आवडत नाही आणि मलाही तुम्हाला तो द्यायचा नाही.

राग आहे, तो समजून घ्यावा. लोभाचं मागाहून बघू.

क्रांती

*

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१८ सप्टेंबर

ती. आक्कास,

शि. सा. न. क्रांतीचा आदेश निघाल्याचं तुझ्या पत्रातून समजलं. तिनं मला कळवलं नाही, ते बरोबरच आहे. पण चौकीत काय झालं ते मी कुणालाच बोललेलो नाही, म्हणून तुला लिहितो.

जबाब लागेल असं क्रांतीचं पत्र मिळालं त्याच दिवशी गेलो. सरकारी कागदावर जन्मात सही न करण्याचा माझा बाणा तुला माहीत आहे. वाटेत राज्यसत्तेवर चांगलं दहा मिनिटांचं भाषण जुळवलं होतं. ज्ञानू हवालदारांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी भाषण बाजूला ठेवलं. नाव मी घातलं, तिला विचारलं नव्हतं, एवढंच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी सहज विचारलं की पेठेत तर म्हणतात, तुम्ही एका माणसाचाही नकार डावलत नाही, मग पोरीला का विचारलं न्हाईसा? गडबडीत राहिलं असं म्हणता आलं असतं. पण खरं तेच तोंडातून गेलं, की विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती.

हवालदारांनी तेही लिहिलं आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. बाकावर दोघं-तिघं बसले होते, सगळ्यांनी ऐकलं. बरोबर आहे का असं त्यांनी विचारलं. बरोबर आहे म्हणालो आणि सही केली.

तुझा,
हंबीरराव