कुंकू लावलेली सीडी

टाकानिनी, ऑकलंड
७ ऑक्टोबर २००६

ती. स्व. चारुदत्तराव यांना काशिनाथाचा साष्टांग नमस्कार. साडूला साष्टांग कशाला, असं म्हणाल. पण पत्र पुरतं वाचून झालं की तोही कमीच वाटेल. वसुंधराताईंचा गुडघा कसा आहे? शांता रोज बहिणीची आठवण काढते. इथे सध्या वसंत ऋतू आहे, म्हणजे ऊन, वारा, पाऊस आणि थंडी एकाच दुपारी येऊन जातात, आणि नेमकं कुठे अडकलो आहोत ते छत्रीलाही कळत नाही.

पत्र हाताने लिहितोय, कारण माझ्या कॉम्प्युटरमधलं मराठी गेलं. कसं गेलं ते मला अजून नीटसं उमजलेलं नाही, तरी क्रमाने सांगतो. गेल्या रविवारी खंडेनवमी होती. यतीनची हत्यारं ऑफिसात, सूनबाई प्राचीची हॉस्पिटलात. माझं या देशातलं एकुलतं एक हत्यार म्हणजे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी. (इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा मी संपादक आहे, हे मागच्या तीन पत्रांत कळवलं आहेच.) तेव्हा ती पाटावर ठेवली, चकचकीत बाजू वर करून, कारण पूजा काही पाठीची करत नाहीत. गंध, हळद-कुंकू, अक्षता, पळीभर पाणी, सगळं यथासांग. दुसऱ्या दिवशी कुंकू निघेना, म्हणून ताम्हण घासतो तशी चिंचेने घासली. आधीपेक्षा लखलखीत झाली. शांतासुद्धा तसंच म्हणाली, आणि ती सहसा माझ्या बाजूने बोलत नाही.

बुधवारी कॉम्प्युटरला व्हायरस झाला. (एका पाककृतीच्या लेखाबरोबर आला, बाईंचं नाव सांगत नाही.) यतीनने सगळं पुसून कॉम्प्युटर नव्याने भरला. लेख त्याने आधीच वेगळे काढून ठेवले होते, म्हणून माझ्या जिवात जीव आला. उघडून पाहतो तर सत्तेचाळीस लेखांत अक्षर एक नाही, नुसते चौकोन! यतीनचं म्हणणं, लेख सुरक्षित आहेत, सॉफ्टवेअर परत टाकलं की दिसतील. म्हणजे आहेत, पण नाहीत. हे मी दोनदा समजून घेतलं आणि दोन्ही वेळा वेगळंच समजलं. मग सीडी आत घातली, तर यंत्राने अडकित्त्यात सुपारी धरल्यासारखा आवाज केला आणि ती बाहेर टाकली. यतीनने ती उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि "बाबा, चिंच?" एवढंच म्हणाला.

कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने (इथे डेअरीत दुधापेक्षा वर्तमानपत्रं आणि गोळ्या जास्त) टूथपेस्ट चोळायला सांगितलं. चोळली. आता सीडीला पेपरमिंटचा वास येतो, बाकी फरक नाही. आमची नात अनुष्का म्हणाली, "आजोबा, जस्ट कॉपी इट फ्रॉम समवन. एव्हरीवन डझ." मी तिला प्रामाणिकपणाबद्दल अर्धा तास सुनावलं.

शेवटी पुण्याला कंपनीत फोन लावला. सुनीती नावाची मुलगी होती, फार गोड बोलली. सीडीच्या कव्हरवरचा नंबर विचारला, मी सांगितला. नाव विचारलं, मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "काका, नाव पुन्हा एकदा नीट आठवून सांगता का?" सदुसष्टाव्या वर्षी माणसाला स्वतःचं नाव आठवायला सांगतात! मी फोन ठेवला.

अंक एकवीस तारखेला दिवाळीच्या कार्यक्रमात वाटायचा आहे. अध्यक्षबाई म्हणतात, नाहीच जमलं तर इंग्रजी अक्षरांत छापू. चारुदत्तराव, दिवाळी अंक आणि एबीसीडीत! पुकेकोहेच्या एका आजोबांनी ऐंशीव्या वर्षी आयुष्यातली पहिली कविता दिली आहे, तीही चौकोनांत जाऊन बसली. मला घास गोड लागत नाही. असो. घरातल्या लहानथोरांना यथायोग्य.

आपला,
काशिनाथ

ता. क. हे पत्र प्राची स्कॅन करून ईमेलने पाठवेल. तिला माझं अक्षर वाचता येत नाही, म्हणून आता मोकळेपणाने लिहितो. सीडी तुमची आहे. पाच वर्षांपूर्वी तुमच्याकडे निरोपाचं जेवण झालं, तेव्हा टेबलावर होती. आठ दिवसांत टपालाने परत करीन म्हणून उचलली, विचारायचं राहिलं. तुम्ही शेजारच्या मधू लेल्यांवर संशय घेतलात आणि त्यांच्याशी बोलणं टाकलंत, हे शांताला फोनवर कळायचं आणि मी तिथेच बसून ऐकायचो. फार लाज वाटते. खराब सीडी कालच कुरिअरने तुमच्याकडे पाठवली आहे. कव्हरवर छापलंय की ज्याच्या नावावर नोंद आहे त्याने सहीचं पत्र आणि जुनी सीडी दिली की कंपनी नवी देते. तेवढं करा. पण कंपनीत जाण्याआधी लेल्यांकडे जा आणि हे पत्र त्यांना दाखवा.

ता. ता. क. सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर रोज तुमचं नाव यायचं: 'वेलकम, चारुदत्त बापट'. अनुष्काने एकदा विचारलं, हा कोण? मी सांगून टाकलं, कंपनीचा मालक. काल मी तोंड पाडून बसलो होतो, तर म्हणाली, "आजोबा, सो राइट टू द ओनर अँड से सॉरी." म्हणून लिहायला बसलो. एवढी पानं झाली, तेवढं लिहायचंच राहिलं होतं. सॉरी, चारुदत्तराव.