मोरीच्या तोंडात हात

विश्रामबाग, सांगली
१२ जानेवारी २०२५

चि. सृष्टीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इथे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. क्षेम काही नाही. काल तुझा बाप उंब्रजहून पहिल्या एसटीने आला आणि पायातली चप्पल न काढता थेट माझ्या स्वयंपाकघरात उभा राहिला. पलटणीत सुभेदार झाला तरी मोठ्या बहिणीच्या घरात नानासो असा कधी आला नव्हता.

तुमच्या बोटीवरचा तो मालवणचा मल्हार सुट्टीवर गावी जाताना तू दिलेला खजूर पोचवायला उंब्रजला उतरला. नानासोने त्याला जेवायला बसवलं आणि विचारलं, की आमची पोर तिकडे नेमकं करते काय. त्या मुलाने मोठ्या कौतुकाने सांगितलं, की सृष्टी मोऱ्यांचं काम करते. साध्यासुध्या नाहीत, बारा-चौदा फुटी मोऱ्या. सगळ्या बेटावर तिच्यासारखा हात कुणाचा नाही. परवाच तिने एका मोरीच्या तोंडात हात घालून आत रुतलेला गाळ ओढून काढला. हे ऐकून नानासो असा काही गरजला, की तो पाहुणा अर्धी भाकरी ताटात टाकून उठला.

मी कामाला हलकं म्हणत नाही, हे नीट वाच. आमच्या गल्लीतली गटारं काढणाऱ्या बायकांना हातमोजे द्या म्हणून महापालिकेत जाऊन भांडणारी मीच आहे. राग खोटेपणाचा आहे. हॉटेलच्या तलावात पाहुण्यांना पोहायला शिकवते, असं तू आम्हाला सांगितलंस. माशांच्या विषयातली एवढी पदवी घेऊन पोरगी पोहायला शिकवते, हेच मी शेजारी मोठ्या मुश्किलीने खपवलं होतं. आता काय खपवू? खोटं बोलणाऱ्या मुलीकडे कसं बघायचं, ते पाचगणीच्या कॉन्व्हेंटात नन्सनी मला चांगलं शिकवलंय. तू समोर असतीस तर दाखवलं असतं.

नानासोचा हुकूम असा, की मी मालदीवला जावं, तुला घेऊन यावं आणि तू परत तिकडचं नाव काढू नये. माझ्याकडे पासपोर्ट आहे आणि पेन्शनीतला मोकळा वेळही आहे. त्याआधी खरं काय ते कळव. फोन करू नकोस. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात गेली, आता मला घंटी ऐकवत नाही. नेहमीसारखं कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला छापून देतो. छापताना वाचतोही, पण त्याला मी बघून घेईन.

लोभ आहे. तो वाढवायचा की आटवायचा, ते तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझी,
मनू आत्या


मालदीव
१५ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले, की बोटीवरच्या सगळ्यांना वाटलं मला काहीतरी झालं. मग हसू थांबलं आणि बाबा आठवले. दोन्ही का, ते सांगते.

आत्या, मालवणात मोरी म्हणजे शार्क. तिकडे ती बाजारात मिळते आणि लोक तिचा रस्सा करतात. मल्हारला बिचाऱ्याला काय माहीत, की उंब्रजला मोरी म्हटलं की न्हाणीघरातलं भोक आठवतं! आणि त्याने गाळ म्हटलं नव्हतं, गळ म्हटलं होतं. मासे धरायचा लोखंडी गळ.

खरं काम सांगते. आमच्या बेटाजवळ टायगर शार्क येतात. अंगावर वाघासारखे पट्टे, डोकं आपल्या बैठकीच्या पाटाएवढं रुंद. हवेची टाकी पाठीला बांधून आम्ही पाहुण्यांना खाली नेतो, तळाशी ओळीने बसवतो आणि मी त्यांच्या पुढे असते. शार्क सरळ चालून आली तर मागे सरकायचं नाही, पाठ तर मुळीच दाखवायची नाही. नजर तिच्या डोळ्यांवर ठेवायची, हात ताठ करायचा आणि तळवा तिच्या नाकाडावर टेकवून तिला अलगद बाजूला वळवायचं. ढकलायचं नाही. तिचंच वजन तिला वळवतं. कातडी नाकाकडून शेपटीकडे मऊ लागते आणि उलट हात फिरवला तर पॉलिशपेपर.

ज्या मादीची गोष्ट मल्हारने सांगितली, तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात कुणाचा तरी मोठा गळ रुतला होता. ती रोज यायची आणि माझ्यापाशी रेंगाळायची. त्या दिवशी मी एक हात नाकाडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने पक्कड लावून ओढलं. आत्या, तो सुटला! ती गेली, वळली आणि परत आली. आभार मानायला आली असं पाहुणे म्हणाले. मी तसं म्हणणार नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

आता बाबा आठवले ते का. बाबांना हे कळलं तर? गटारीचं ऐकून ते नुसते चिडलेत, हे ऐकून ते स्वतः विमानात बसतील. इथे पुढच्या महिन्यापासून मला सगळ्या तुकडीची प्रमुख करणार आहेत. एवढ्या लहान वयात आणि मुलीला अजून कुणी केलेलं नाही. बाबांचं मन मोडून मला ते नको, आणि सोडवतही नाही. म्हणून आत्या, पाया पडते, त्यांना गटारच समजू दे. मी पुढे कधीतरी सांगेन.

राग आला तरी लोभ तेवढा शिल्लक ठेव.

तुझी,
सृष्टी


मालदीव
६ फेब्रुवारी २०२५

चि. नानासोस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सुखरूप पोचले. आता पाटावर बस, पाणी पी आणि मग पुढे वाच.

तुझी मुलगी गटारं काढत नाही. त्या मालवण्याच्या बोलीत मोरी म्हणजे शार्क मासा. तुझी मुलगी समुद्राच्या तळाशी जाऊन जिवंत शार्क हाताने वळवते. हे तुला कळू देऊ नये अशी तिने मला गळ घातली होती. मी तिला कळवलं, की माझ्या तोंडून खोटं निघणार नाही, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरंही निघणार नाही. म्हणून इतके दिवस गप्प राहिले.

तिला घेऊन यायच्या तयारीनेच मी आले होते. पहिल्या दिवशी तत्त्व म्हणून तिच्याशी बोललेसुद्धा नाही. मल्हार सुट्टीवरून परत आला होता, त्याला मात्र भरपूर बोलले. देशावर आल्यावर देशावरचं मराठी बोलावं, असं बजावलं. तो मान खाली घालून व्हय म्हणाला. हे व्हय त्याने तुझ्याच घरी उचललेलं दिसतं.

दुसऱ्या दिवशी बोटीवर गेले. पाण्यात उतरणार नाही म्हटलं होतं, पण नुसतं वरून बघून न्याय कसा करणार? त्यांनी मला तरंगायचं जाकीट घातलं, डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी दिली. बोटीची शिडी दोन्ही हातांनी धरून मी तोंड पाण्यात घातलं. नानासो, पाणी इतकं नितळ, की खाली बसलेल्या पोरीच्या वेणीचा रबर दिसत होता.

मग बाजूने बोटीची सावली आली. मला सावलीच वाटली. ती वळली तेव्हा तिच्यावर पट्टे दिसले.

ती सरळ सृष्टीवर चालून आली. पोरगी हलली नाही. आपली आई पेंडीच्या घमेल्यात तोंड घालणाऱ्या म्हशीला एका तळव्याने बाजूला करायची, आठवतं? अगदी तसं. ते धूड तिच्या खांद्यावरून निघून गेलं. मी नळीतच ओरडले, खारट पाणी प्याले, ठसकले आणि डोकं वर काढून त्यांना म्हणाले, थांबा, मला अजून बघायचंय. माझं वय बघता त्यांनी मला वर ओढायला हवं होतं. मी ओढू दिलं नाही.

भीती वाटली का? वाटली. एकदा सृष्टी समोरच्या शार्ककडे बघत असताना दुसरी तिच्या मागून आली. तिने बघितलं नाही, मी बघितलं. तिच्या पाठीला पाठ लावून एक जण लांब काठी घेऊन उभा होता. त्याने काठीचं टोक त्या शार्कच्या नाकाडाला नुसतं टेकवलं आणि ती निघून गेली. तो मल्हार होता.

ही गोष्ट न सांगता मला तुझं मन वळवता आलं असतं. पण हे काम धोक्याचं आहे, आणि तुझी मुलगी ते उत्तम करते. दोन्ही खरं आहे. या महिन्यात तिला सगळ्या तुकडीची प्रमुख करणार आहेत. तिला ते काम सोडायला मी सांगणार नाही. मी एकटी परत येत आहे. भांडायचं असेल तर विश्रामबागेत ये, चप्पल काढून.

लोभ ठेवलास तर बरं. नाही ठेवलास तरी मी तुझी मोठी बहीणच राहणार.

तुझी,
ताई


उंब्रज
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सृष्टीस आशीर्वाद. वि. वि.

ताईचं पत्र मिळालं. दोन दिस मी घराभायेर पडलो न्हाई. तिसऱ्या दिशी दूध डेरीवर गेलो. तिथं लोकांनी इचारलं, सुभेदार, पोरगी गटार काढती व्हय? मी म्हनालो, न्हाई, शार्क मासा हातानं वळवती. कुनी इस्वास ठेवंना. गटारीवर लगीच ठेवला हुता. लय राग आला. मग लय हसू आलं.

ताई म्हनती तुज्या पाठीला काठी घिऊन त्यो मालवनचा उभा ऱ्हातो. आमी सुरुंग काढायचो तवा मागं एक गडी असायचा. त्येच्यावर सगळा भार. त्या पोराला मी जेवत्या ताटावरनं उठवलं, हे माजं चुकलं. त्याला सांग, सुभेदारानं सलाम धाडलाय आनी पुन्यांदा जेवायला बोलवलंय.

आनी मागून आलेली तुला दिसली न्हाई, असं ताई लिवती. त्ये पुन्यांदा हुता कामा नये. समोरचं बघताना मागं कान असू दे. पान्यात कान कसं चालतात ते मला ठावं न्हाई, पर तू बघ.

परमुख व्हायचं म्हनतीस तर हो.

माशाच्या नाकावर तुजा हात हाय असा एक फोटू धाड. मोठा धाड. डेरीत लावायचा हाय.

तुज्या आईला मी अजून काय सांगितलं न्हाई. ती गटारच समजून हाय आनी रोज देवाला तुजं हात सवच्छ ठेव म्हनती. तिला खरं सांगायचं धाडस माज्यात न्हाई, त्ये तूच येऊन सांग. ती लय रडंल. तिला रडताना बघून माजं मन फिरंल, मी तुला जाऊ नको म्हनंन. तवा येताना परतीचं तिकीट काढूनच ये, आनी मी काय बी म्हनलो तरी जा.

लोभ हाय त्यो हायच.

तुजा बाबा,
नानासो