कोपर वर

प्रिय बारके,

तुझ्या नव्या कोचबाईंना मी घरात मुकीबाई म्हणते. आई रागावते. म्हणते, त्यांच्या हाताखाली पोरीचा भाला सहा मीटर पुढे गेला, जरा आदराने बोल. मीटर म्हणजे केवढं हे आईला ठाऊक नाही, पण तो आकडा पाठ आहे. आल्यागेल्याला सांगते. मी शिकवत होते तेव्हाचे आकडे तिने कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

आठ वर्षं शिकवलं मी तुला. गोदामामागच्या पडीक जागेत, दुकान उघडायच्या आधी. प्रत्येक फेकीनंतर मी बोलायची. कोपर पडलं. डावा पाय उशिरा आला. मान कलली. भाला जमिनीत रुतायच्या आत माझं वाक्य पुरं व्हायचं. तू म्हणायचीस, "ताई, श्वास तरी घेऊ दे ग!" मला वाटायचं, चूक ताजी असतानाच सांगावी. माझा खांदा गेला, भाला सुटला; त्यानंतर माझ्याकडे फेकायला तेवढंच उरलं होतं.

मंगळवारी मी न कळवता तुमच्या मैदानावर आले. आईला सांगितलं, दात दाखवायला जाते. जाळीमागे बसले. तू भाला फेकलास. बाई गप्प. पुन्हा फेकलास, पुन्हा गप्प. मनात म्हटलं, हिला बोलायचा कंटाळा येतो की हिला दिसतच नाही? तिसऱ्या फेकीनंतर त्यांनी टेप हातातच धरून ठेवला आणि विचारलं, "किती गेला असेल?" तू म्हणालीस, "सत्तेचाळीस. कोपर पडलं माझं." मोजलं तर सत्तेचाळीस वीस. त्या म्हणाल्या, "मग?" तू म्हणालीस, "आता पलीकडच्या त्या पाण्याच्या टाकीच्या वर नेम धरून टाकते." आणि टाकलास. पन्नासच्या पुढे.

कोपर पडलं माझं! ते वाक्य माझं आहे, बारके. आठ वर्षं तुझ्या कानात ओतलेलं. आणि तू ते त्यांच्यासमोर असं म्हणालीस, जणू तुझं तुलाच सुचलं. मी जाळीत बोटं रुतवून बसले होते.

चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलते. ही बरी की ती, असं विचारते आणि गिऱ्हाईक सांगेपर्यंत थांबते. थांबल्याशिवाय नंबर निघतच नाही. तुला मात्र कधी विचारलं नाही. हे परतताना बसमध्ये ध्यानात आलं, आणि त्याचाही रागच आला. त्या बाईंना ते माझ्याआधी सुचलं होतं.

आता जे लिहायला जीव होत नाही ते. तुझं लक्ष जाळीकडे गेलं. मला बघून तू हसलीस आणि माझा हात आपसूक कानाशी गेला. कोपर वर. आपली जुनी खूण. तू मान डोलावलीस. पुढचा भाला पंचेचाळीसवर पडला, त्याच्या पुढचा त्रेचाळीसवर. दर फेकीनंतर तू माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या हाताला काय वाटलं ते तू पाहीनाशी झालीस. बाई तेव्हाही काही बोलल्या नाहीत. आणि मला बरं वाटलं. तू सात मीटर मागे आलीस आणि मला बरं वाटलं. वाटलं, अजून माझीच आहे ही.

त्या संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, "आज हातच चालत नव्हता ग." मी म्हटलं, होतं असं. हात चालत होता, बारके. मध्ये मी आले.

रविवारी निवड चाचणीत तुला सहा फेकी आहेत. तू पाठवलेला पहिल्या रांगेचा पास सोबत परत करते आहे. मी तिथे असले तर तू बघशील, आणि माझा हात मला आवरणार नाही. पास बाईंच्या कुणाला दे, असं लिहिण्याइतकं माझं मन मोठं नाही. आईला बसव. भाला कुठेही पडला तरी ती टाळ्या वाजवते. झालं की फोन कर. कोपराचं मी काही काढणार नाही. तू विचारलंस तरच बोलेन.

विचार मात्र.

तुझीच,
ताई