तुझ्या मूत्रपिंडाची खुशाली

चि. सौ. फुसाए हिस मोरिओदादाचे अनेक आशीर्वाद. कुशीतली जखम थंडीत ठणकते का? मेहुण्यांची कंबर कशी आहे? इकडे कानाझावात गुडघाभर बर्फ पडलंय. मी ठीक आहे. तुझ्या मूत्रपिंडाचं मात्र सविस्तर लिहावं लागेल.

परवा रक्त तपासायला गेलो. बाहेरच्या बाकावर आम्ही सगळे दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर जगणारे बसतो आणि शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांचे आकडे विचारतो. क्रिएटिनिन म्हणजे रक्तात साठलेला कचरा, तो जितका कमी तितका माणूस हुशार. निशिगुची म्हणून एक म्हातारा आहे, त्याचा आकडा कायम एक पूर्णांक एक. (मूत्रपिंड बायकोचं, मिरवतो हा.) मी दोन महिन्यांपूर्वी एक पूर्णांक चार होतो. परवा दोन पूर्णांक सहा निघालो. म्हातारा म्हणाला, "नापास की हो!" आणि जरा सरकून बसला.

पुढचं ऐक. हिराबायाशी डॉक्टरीणबाईंनी (वय असेल तिशीचं, पण दटावणं थेट आपल्या आईचं) सांगितलं, की दुसऱ्या तपासणीत माझ्या रक्तात तुझ्याविरुद्ध फौज उभी राहिलेली दिसते. सरसकट परक्यांविरुद्ध नव्हे, नेमकी तुझ्याविरुद्ध. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "बाई, आमचं भांडण नाही हो. बाबांच्या घरावरून झालं होतं, ते केव्हाच मिटलं." (तू माझी सायकल कालव्यात घातलीस, ते मी काढलं नाही.) त्या म्हणाल्या, "रक्ताला नाती कळत नाहीत, ताकेबेसान. गोळ्या चुकवल्यात का?" मी भडकलोच. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, कधी एक रेघ चुकली नाही, तो मी गोळ्या चुकवीन?

मंगळवारी सुई खुपसून मूत्रपिंडाचा तुकडा काढणार आहेत. ते वाचवता येईल की मला पुन्हा यंत्राला जुंपतील, हे त्यावरून कळेल. मला भीती वाटते गं. माझं एक वेळ सोड, पण तुझ्या पोटातलं गेलं ते गेलंच, आणि इथेही ते मातीमोल झालं तर तुला कुठल्या तोंडाने भेटू? असो. मेहुण्यांना नमस्कार सांग.

तुझा,
मोरिओदादा

ता. क. खारवलेले आलुबुखार आता पाठवू नकोस, मला मीठ बंद आहे. मागची बरणी संपली.

ता. क. २ गोळ्या मी चुकवल्या होत्या. अकरा दिवस. त्या गोळ्यांनी हात थरथरतो. ऑपरेशनला वर्ष होत आलं तरी तुला आभाराचं पत्र लिहिलं नव्हतं. ते कुंचल्यानेच लिहायला हवं, आणि पाटीवाल्याने सख्ख्या बहिणीला वेडीवाकडी अक्षरं पाठवावीत हे मनाला पटेना. दहाव्या दिवशी हात स्थिर झाला, अकराव्या दिवशी पत्र लिहिलं. सुरेख उतरलंय. टपालात टाकायचा मात्र धीर झाला नाही, म्हणून आता सोबत जोडतो आहे.

ता. क. ३ हे डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. मंगळवारी दहा वाजता सांगायचं आहे आणि मला एकट्याला ते जमायचं नाही. येशील का? काय बोलायचं ते त्यांच्यादेखत बोल, पण माझ्या शेजारी बस.