शिशिरच्या नकली मिशा

ब्राह्मणपारा, रायपूर

शिशिर,

वर ‘चिरंजीव’ लिहिलं नाही. बँकेची नोकरी सोडून तू गाणं शिकायला व्हिएन्नाला गेला, त्याच दिवशी मी तुझ्या नावानं आंघोळ केली. मेलेल्याला चिरंजीव कसं लिहू? तुझ्या आईलेही शपथ घातली, या घरात त्याचं तोंड पाहायचं नाही. म्हणून हे पत्रही टाकणार नाही.

आज ती मंदिरात गेली, अन् तुमच्या विनोदी संगीत नाटकाचं इंटरनेटवरचं रेकॉर्डिंग मी टीव्हीवर लावलं. आवाज बारीक, कान दाराकडे. जर्मन एक अक्षर समजलं नाही. पण नकली मिशा लावून तू सरदाराच्या बायकोच्या पलंगाखाली लपला अन् तिथूनच जोरात गाऊ लागला, तेव्हा मी पोट धरून हसलो.

मागं चप्पल वाजली. तुझी आई दारात उभी होती. मले रिमोटचं बटणच सापडेना.

“बंद काहून करून राहिले?” ती म्हणाली. “आता त्याच्या मिशा गळून पडतात.”

अन् मिशा पडायच्या आधीच ती हसली.

तुझा बाप,
विनायक