वैथिराच्या फुल्या

१ मार्च २०२५, शनिवार

आजपासून निश्चय. ओरडायचं नाही. चहात साखर एकच चमचा. रोज चार ओळी रोजनिशी.

शिवाय एक हुशारी. जानेवारीपासून कॅलेंडर घेईन घेईन म्हणत होते. आज ट्रंकेच्या तळाशी आईचं २०१४चं सापडलं. तारीख-वार हुबेहूब यंदाचे! स्वयंपाकघरात टांगलं. आई रोज संध्याकाळी पेन्सिलीने दिवसावर फुली मारायची. फुल्या बारा मार्चपर्यंत आहेत. तेराला ती गेली. खोडरबराने पुसून टाकीन, त्यात काय.

चहात दोन चमचे झाले. पहिला दिवस होता.

३ मार्च, सोमवार

धाकटीला शाळेत निबंध: 'माझं नाव जिचं आहे ती'. केनियातल्या आम्हा गिकुयू लोकांत थोरलीला सासूचं नाव, धाकटीला आपल्या आईचं. म्हणून धाकटी वैथिरा. हाक मात्र 'आई'च मारायची. चौदा वर्षांच्या पोरीला 'आई, भांडी घास' म्हणताना मला काही वाटत नाही. तिलाही नाही.

निबंधासाठी तिला माझी ती गोष्ट सांगितली. भिशीतल्या बायका दर वेळी डोळे पुसतात. गावाकडून जेरुशाबाईचा मेसेज आला, आई गेली त्या वर्षी नऊ मार्चला: 'वैथिरा वाट बघतेय. ये.' मला वाटलं, माझी वैथिरा! तीन वर्षांची, नर्सरीत. शिवण टाकून भाड्याच्या मोटरसायकलवर, बोडाबोडावर बसले, थिका शहरातल्या चिखलातून नर्सरी गाठली. पोरगी वाळूत खेळतेय. जीव भांड्यात पडला, तिला गरम तळलेली गोड मंदाझी घेऊन दिली. आणि वाट बघणारी होती माझी आई. जेरुशाबाई आईच्या बरोबरीची, ती आईला नावानेच हाक मारणार. माझ्या लक्षात यायला गुरुवार उजाडला.

पोरीने विचारलं, मंदाझी कुठली होती? म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानातली. गोष्टीत बारकावे हवेत.

५ मार्च, बुधवार

फुल्या पुसल्या नाहीत. रबर मिळेना. तसं बरंच आहे म्हणा, रोज उठले की त्या दिवसाची फुली आधीच मारलेली! आई अजून माझी कामं करतेय. सकाळी हसले. संध्याकाळी भाजी चिरताना कॅलेंडरकडे पाठ केली. उजेड त्या बाजूला चांगला येतो.

लहानपणी कॅलेंडर उंच असायचं. आई चहाच्या मळ्यातून यायची, टोपली उतरवायची, मला कडेवर उचलायची. फुली मी मारायची. हे पोरीला सांगायला हवं. निबंधाला शोभेल.

७ मार्च, शुक्रवार

ओरडले. एकदाच. मका-घेवड्याची गिथेरी करपली होती. ओरडताना आवाज आईचा आला, अगदी खोकल्यासकट. थंडीमुळे असेल. उद्यापासून गरम पाणी.

९ मार्च, रविवार, दुपारी

पोरगी कॅलेंडरसमोर उभी. बराच वेळ. मग शांतपणे विचारलं, रविवारी नर्सरी उघडी असायची का?

मी म्हटलं, त्या वेळी असायची बहुतेक. स्नेहसंमेलन वगैरे. चुलीवर दूध होतं, ते बघायला गेले.

दूध नव्हतं.

१० मार्च, सोमवार

निश्चय: उद्या पोरीला सगळं नीट सांगायचं. शांतपणे, साखर न घातलेल्या चहाबरोबर.

११ मार्च, मंगळवार

तीस गणवेश शिवून द्यायचेत. आज जमत नाही. नऊपासूनच्या फुल्या वाकड्या आहेत, चौकटीबाहेर गेलेल्या. पेन्सिल बोथट असणार.

१२ मार्च, बुधवार

पोरीने माझ्या फोनवरून जेरुशाबाईला फोन केला. माझ्यादेखत, स्पीकरवर. म्हातारीला वाटलं, मीच बोलतेय. म्हणाली, "कॅलेंडर तिने अंथरुणावर काढून घेतलं होतं. रोज फुली मारायची आणि म्हणायची, आजही नाही आली. तुझ्यावर रागावली नव्हती गं."

मी मशीन चालूच ठेवलं. नंतर बघितलं तर बाही उलटी लावलेली.

जेवताना म्हटलं, आई, अजून वाढू? ती म्हणाली, "मला वैथिरा म्हण."

१३ मार्च, गुरुवार, सकाळी

सांगितलं. चहा न करताच.

मेसेज वाचला तेव्हाच कळलं होतं, कोण वाट बघतंय ते. पोरगी माझ्या गुडघ्यांत बसली होती, मी तिच्या वेण्या घालत होते. एकोणिसाव्या वर्षी घर सोडताना आई म्हणाली होती, तुझ्यावाचून काही अडत नाही. पुढे तिचं नाव पोरीला दिलं, तीन वर्षांत ती बघायला आली नाही. म्हटलं, आता तूही बघ जरा वाट. एक-दोन दिवस. वेण्या सोडल्या, पुन्हा घातल्या. संध्याकाळ केली. सोमवारी शिवण होतं. मंगळवारी पाऊस. बुधवारी म्हटलं, उद्या जाऊ.

मग गोष्ट केली. अकरा वर्षं सांगत आले. मंदाझीची चवसुद्धा आठवते मला.

पोरगी ऐकून घेत होती. मी विचारलं, निबंधात आता काय लिहिणार? म्हणाली, "दिला परवाच. तुझीच गोष्ट लिहिली. बाईंना रडू आलं." आणि दप्तर उचललं.

दारापर्यंत गेले. तोंडात आलं होतं आई, पण वैथिरा अशी हाक मारली. या घरात पहिल्यांदाच. तिने मागे बघितलं नाही. ऐकू गेलं नसेल. रस्त्यावर गाड्या फार.

संध्याकाळी ६

तेराच्या चौकटीत फुली नाही. पेन्सिल घेऊन उभी राहिले. आता हात सहज पोचतो. तरी वाटलं, कुणी जरा उचलून घ्यावं.

पोरगी साडेचारला येते. अजून आलेली नाही.